अक्ष आखण्याआधी त्वरण कुठे आहे ते बघा

यांत्रिकी शिकायला लागलो तेव्हा एक गोष्ट मी घोटून ठेवली होती: उतार दिसला की अक्ष तिरके करायचे. नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाने वस्तूवर लंब दिशेत लावलेलं बल, बरोबर एमजी कॉस थीटा (एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन). ठोकळ्यांची गणितं पटापट सुटायची, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

मग वळणावरच्या तिरक्या रस्त्याचं गणित आलं. घर्षण नाही, गाडी वर्तुळात चाललेली. मी सवयीने तिथेही एमजी कॉस थीटा लिहिलं आणि उत्तर चुकलं. आकृती अगदी उतारासारखी, मग बिघडलं कुठे, हे कळायला मला दोन दिवस लागले.

ते उलगडलं दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यामुळे. गोळा २ किलोचा, म्हणजे वजन १९.६ न्यूटन, आणि दोरा उभ्या रेषेशी ३० अंशांत. साधा लंबक झोक्याच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा ताण सुमारे १७ न्यूटन. तोच गोळा त्याच कोनात आडव्या वर्तुळात फिरत असेल, तर ताण सुमारे २२.६. वहीत काढलेली एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे वस्तूवरच्या बलांची आकृती) दोन्हीकडे हुबेहूब सारखी! बलंही दोनच: ताण आणि वजन. फरक फक्त त्वरणाच्या दिशेचा. लंबकाच्या टोकाला वेग शून्य असतो, त्यामुळे दोऱ्याच्या दिशेने त्वरण नाही. तिथे ताण बरोबर एमजी कॉस थीटा. फिरणाऱ्या गोळ्याचं त्वरण आडवं, केंद्राकडे. म्हणजे उभ्या दिशेत ते शून्य, आणि तिथे ताण गुणिले कॉस थीटा बरोबर एमजी. कॉस थीटा एकदा वर, एकदा छेदात.

गाडीचंही तेच. त्वरण रस्त्याच्या उतारावरून खाली नसतं, आडवं असतं. तिरके अक्ष घेतले तरी गणित सुटतं, पण मग त्वरणाचेही दोन घटक करावे लागतात. मी ते विसरून लंब दिशेत त्वरण शून्य धरलं होतं. तेव्हापासून एफबीडीच्या बाजूला, बलांना न चिकटवता, त्वरणाचा वेगळा बाण काढतो आणि एक अक्ष त्याच्यावरच ठेवतो.

वस्तू स्थिर असेल तर हा बाणच नसतो. तिथे जे अज्ञात बल नको आहे, त्याला काटकोनात अक्ष घ्यायचा. ते समीकरणातून आपोआप गळतं. आडव्या रेषेशी ३० आणि ६० अंशांत दोन दोऱ्या दोन बाजूंना वर जाऊन वजन पेलत असतील, तर त्या एकमेकींना काटकोनात असतात. दोऱ्यांवरच अक्ष ठेवा. ३० अंशांच्या दोरीत वजनाच्या निम्मा ताण, एका ओळीत. आडवे-उभे अक्ष घेऊन हेच गणित मी अर्धं पान सोडवत बसलो होतो.

साइन की कॉस याचा गोंधळ झाला तर मनात थीटा शून्य करून बघा. उतार सपाट झाला की खाली ओढणारा घटक नाहीसा व्हायला हवा, म्हणजे तो साइनचा. आणि घटक काढले की मूळ एमजीच्या बाणावर नागमोडी रेघ मारा. मी ती मारत नसे, आणि वजन दोनदा मोजलं जायचं.