विंडोज ११ टाकल्यावर सॉफ्टवेअर ॲडमिन पासवर्ड मागतंय? रूल कुठे अडकलाय ते असं शोधा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बऱ्याच ऑफिसांनी घाईघाईत मशिनं ११ वर नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, की काल नीट उघडणारं सॉफ्टवेअर आज ॲडमिनचा पासवर्ड मागतंय. अशा वेळी युजरलाच लोकल ॲडमिन (त्या मशिनवर सगळे अधिकार असलेला) करून टाकू नका, प्लीज. काम दोन मिनिटांत भागतं खरं, पण ते नंतर काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही आणि मग एखादी फालतू अटॅचमेंट उघडली की अख्खं मशिन गेलं.

युजरला ॲडमिन न करता ठराविक सॉफ्टवेअरच ॲडमिन म्हणून चालू देणारं टूल ऑफिसात असेल, तर त्यात अशा सॉफ्टवेअरसाठी रूल दिलेला असतो, आणि अपग्रेडनंतर तोच कुठेतरी अडकतो. आधी बघा रूल त्या मशिनवर पोचतोय तरी का. पॉलिसीच्या फिल्टरमधे (रूल कोणत्या मशिनांना लावायचा ती अट) "विंडोज १०" असं नाव लिहिलेलं असेल तर ११ वाली मशिनं गुपचूप बाहेर पडतात. आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) प्रॉडक्ट नेमवर भरवसा ठेवू नका, ११ वर पण तिथे विंडोज १० च लिहिलेलं असतं! बिल्ड नंबर बघा, २२००० किंवा त्याच्या पुढचा असेल तर ते ११ आहे.

रूल पोचलाय आणि तरी लागत नाही, मग बहुतेक वेळा हॅशचं, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाचं, लफडं असतं. आमच्याकडे डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची युटिलिटी होती, अपग्रेडनंतर ती चालेना म्हणून नवीन व्हर्जन टाकलं, नाव तेच, आयकॉन तोच, फोल्डर तोच, पण रूल लागेना. पॉवरशेलमधे (विंडोजच्या कमांड विंडोत) गेट-फाइलहॅश चालवून आलेली ६४ अक्षरं रूलमधल्या अक्षरांच्या खाली ठेवली तर पहिल्या अक्षरापासूनच फरक. फाइलमधे एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. म्हणून फाइलवर कंपनीची डिजिटल सही असेल तर पब्लिशर (सही करणारी कंपनी), प्रॉडक्टचं नाव आणि कमीत कमी व्हर्जन असा रूल करा. नुसता पब्लिशर टाकू नका, नाहीतर त्या कंपनीच्या सगळ्याच फाइल्सना परवानगी मिळते. सही नसेल तर हॅशच वापरावा लागतो आणि दर अपडेटला तो बदलावा लागतो, त्याला इलाज नाही.

पाथ, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरमधे आहे तो पत्ता, पण तपासा. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे जुन्या ३२-बिट मशिनवर सगळं नव्याने टाकावं लागतं आणि मग तेच सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्स ऐवजी एक्स८६ वाल्या फोल्डरमधे जाऊन बसतं, रूल बिचारा जुन्या पत्त्यावर. पाथचा रूल देताना साधा युजर त्या फोल्डरमधे फाइल टाकू शकत नाही ना, हे नक्की बघा, कारण टाकू शकत असेल तर तो त्याच नावाने काहीही चालवेल.

नोटपॅडला रूल दिला असेल तर तो काढूनच टाका असं माझं मत आहे. ११ मधे ते स्टोअरचं ॲप झालंय, पाथमधेच व्हर्जन नंबर असतो, अपडेट आलं की रूल गेला, आणि ॲडमिन म्हणून उघडलेल्या नोटपॅडच्या ओपन विंडोतून दुसरे प्रोग्रामही चालवता येतात.

कधी रूल ठीक असतो, युजरला फक्त बटण सापडत नाही. ११ मधे राइट क्लिकचा मेन्यू छोटा केलाय, "एलिव्हेट करून चालवा" (म्हणजे ॲडमिन म्हणून चालवा) टाइपचा जुना पर्याय "शो मोअर ऑप्शन्स" मधे लपलेला असू शकतो. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेन्यू थेट येतो. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं तर निम्मे फोन कमी होतील.

दुरुस्ती झाली की एकाच मशिनवर, साध्या युजरच्या लॉगिनने तपासा, स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने तपासलं तर सगळं चालतंच. मग टूलच्या लॉगमधे नेमका कोणता रूल लागला ते वाचा, आणि बाकीच्या मशिनांवर सोडायच्या आधी ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप उघडून अपग्रेडच्या गडबडीत कोणाकोणाला आत घेतलंय ते बघून बाहेर काढा.