परसात कोई माशांचं तळं: खोदकामाआधी काय ठरवावं

कोई म्हणजे रंगीत कार्प. जपानच्या निगाता भागातल्या डोंगराळ गावांत, खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात ही जात घडत गेली. दुकानात बोटाएवढं दिसणारं पिल्लू चांगल्या पाण्यात दोन फुटांपर्यंत वाढतं आणि वीस-पंचवीस वर्षं जगू शकतं. तेव्हा तळं आखायचं ते त्या दोन फुटी माशाच्या मापाने.

आधी जागा. घरातून रोज नजर पडेल अशी निवडा, म्हणजे मासा मलूल दिसला की लगेच कळतं. वर आंबा-चिंचेची पानगळ नको. दुपारनंतर सावली हवी. नसेल तर शेडनेट धरा. अंगणाचा सखल कोपरा टाळा आणि काठ जमिनीपासून नऊ इंच तरी वर ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बागेतला गाळ आणि खतं तळ्यात उतरतील. काळी माती असेल तर साधं विटांचं बांधकाम करू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे जातात. तिथे लोखंड घालून आरसीसीच हवं.

मग माप. खोली निदान चार फूट. उथळ पाणी मे महिन्यात भराभर तापतं आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. भिंती सरळ उभ्या ठेवा. उतरत्या काठावर बगळ्याला उभं राहायला आयती जागा मिळते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, साडेचार फूट खोल म्हणजे 360 घनफूट, 28.3 ने गुणलं की साधारण 10,200 लिटर. मोठ्या माशामागे हजार लिटर धरा. माझ्या मते अशा तळ्यात आठ मासे पुरेत.

खरा कस लागतो तो गाळणीत. माशांची विष्ठा तळाशी बसून कुजते, अमोनिया वाढतो. म्हणून तळाला मध्याकडे उतार आणि तिथे चार इंची ड्रेन हवाच. काँक्रीट पडल्यावर तो बसवणं म्हणजे फोडाफोडी, तेव्हा गवंडी आणि प्लंबर यांना एकत्र बसवून नकाशा पक्का करा. ड्रेनमधून पाणी आपोआप निवळण टाकीत, पुढे गाळ अडवणाऱ्या ब्रश-मॅटमधून जैविक टाकीत (इथले जीवाणू अमोनिया पचवतात), शेवटी पंपाने परत तळ्यात. सगळं पाणी एक-दोन तासांत एकदा फिरावं. पंप घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, तुम्हाला पाणी जितकं वर चढवायचंय तितक्या उंचीला तो किती पाणी देतो ते विचारा. पंप चोवीस तास चालतो; शंभर वॅटचा असला तरी महिन्याला 72 युनिट. पाण्यात हवा सोडणारा एअरपंप मात्र इन्व्हर्टरवर घ्याच, कारण रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत मासे तगतीलच असं नाही.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. माशांना चालणारं वॉटरप्रूफिंग करा, पाणी भरून-उपसून पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते) तपासा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवा.

सुरुवातीला दोनच मासे सोडा, चारा बेताने द्या. अमोनिया पचवणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर स्थिरावले की बाकीचे आणा, पण तेही तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून.