लव्हाळा की गवत? पाणथळीत ओळखायचं कसं

गणपती ते दिवाळी हा काळ धरा. फुलोरा नसेल तर ओळख अर्धवटच राहते. दहापट दाखवणारं भिंग खिशात हवंच. ठाण्याजवळच्या येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे फक्त बघायचं, उपटायचं काही नाही. उपटून बघायचंच तर पडीक भातखाचरातलं, मालकाला विचारून, एखादंच रोप.

पाणकणसाला मेहनत नाही: उंच दांडा, तपकिरी कणीस, झालं. बांबूसारखी पेरं आणि वर पिसाऱ्यासारखा तुरा दिसला तर नळ, ज्याचे पूर्वी बोरू करत. तो गवतच.

खरी अडचण उरलेल्या बुटक्या, हिरव्या, एकसारख्या झुबक्यांची. ‘दांडा तिधारी तर लव्हाळा, गोल तर गवत’ असं जो तो सांगतो. या सल्ल्यापायी माझे दोन पावसाळे फुकट गेले. तिधारी दांडा लव्हाळ्याचा, इथपर्यंत ठीक. पण घणसोलीकडच्या एका खाचरात मला गोल, पोकळ, बिनपानांचे दांडे मिळाले. चिमटीत दाबत वर गेलं की थोड्या थोड्या अंतरावर आतला पडदा टक् करून फुटायचा. मला ती पेरं वाटली, वहीत ‘गवत’ लिहून मोकळा झालो. तो निघाला एलिओकॅरिस, लव्हाळ्याच्याच कुळातला. पेर म्हणजे जिथून पान निघतं ती जागा. पान नसेल तर आत कितीही पडदे असोत, ते पेर नव्हे.

म्हणून दांडा बघून थांबू नका, पानाचं आवरण बघा. पानाचा बुडखा जिथे दांड्याला वेटाळतो तो भाग. नखानं काठ उचलून पाहा. गवतात तो सहज उचलला जातो, कारण आवरण शालीसारखं एका बाजूनं उघडं असतं. लव्हाळ्यात ते सदऱ्याच्या बाहीसारखं सलग, उचलायला काठच सापडत नाही.

इथेही मी फसलो आहे. हाताला सोपी म्हणून तळाची आवरणं तपासायचो. ती जून झाली, दांडा जाडावला की फाटतात आणि लव्हाळा बेमालूम गवत वाटतो. फाटलेला काठ भिंगाखाली ओबडधोबड दिसतो, पण त्या भानगडीत पडूच नका. कोवळं पान घ्या.

खात्रीसाठी रोप वरून बघा. पानं तीन दिशांना गेली असतील तर लव्हाळा, दोन दिशांना तर गवत. शेजारी भाताचं रोप धरून ताडून पाहा, भातही गवतच.

जंकस म्हणजे दिसायला यांच्यासारखीच, पण तिसऱ्याच कुळातली वनस्पती. गोल दांडा दिसला की जंकस म्हणून मोकळं होणाऱ्यांचं ऐकू नका. जंकसच्या फुलाला सहा पाकळ्या असतात, भिंगातून अगदी चिमुकल्या लिलीसारख्या, आणि फळात पुष्कळ बारीक बिया. लव्हाळ्याचं फूल एका खवल्याआड, त्यात बी एकच. सहा पाकळ्या मोजल्याशिवाय वहीत जंकस लिहायचं नाही.

खाडीच्या खारट चिखलात आखूड, टोचऱ्या पानांचं गवत पसरलेलं दिसेल, ते एल्युरोपस. कोरड्या दिवशी त्याच्या पानांवर मिठाचे कण चमकतात, कारण आतलं जास्तीचं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. आणि पानांच्या दोन ओळी इतक्या नेटक्या, की तिथे आवरण सोलायची गरजच पडत नाही.