उन्हाळ्यात मोटार जळू नये म्हणून व्होल्ट, अँपिअर आणि केबलचा हिशोब

वैशाखाच्या उन्हात जळगावकडच्या रावेर-यावलच्या केळीला पाण्याचा ताण सोसवत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, बोअरच्या सगळ्या मोटारी एकदम चालतात. ४१५ व्होल्टची लाईट ३४० पर्यंत उतरते. ऐन गरजेला मोटार जळते ती बहुधा अशा वेळी. म्हणून भार सर्वांत जास्त असतो त्या वेळी स्टार्टरच्या पेटीवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे मीटर रोज वाचा.

५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट काम. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मोटार सुमारे ४,६६० वॅट ओढते. थ्री फेजला वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा; तो ०.८ धरून ४१५ व्होल्टला ८ अँपिअर येतात, ३४० ला जवळपास १०. वायंडिंगमधली (मोटारीतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपट झाली. अँपिअर जास्त झाले की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याची सेटिंग वाढवू नका. मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा.

व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मिळतात, पण चालू मोटारीला हे सूत्र लावू नका. तिथे येणाऱ्या आकड्यात वायंडिंगच्या चुंबकत्वाचा अडथळाही असतो. रोध मोजायचा तो मेन स्विच बंद करून, फ्युज काढून, केबलची तिन्ही टोके स्टार्टरमधून सोडवून. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि जो आकडा येईल तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. मग दोन-दोन टोकांची तीन मापे घ्या. तिन्ही सारखी हवीत. दोन मापे जास्त आणि एक बरोबर आले, तर त्या दोन मापांत जे टोक सामाईक आहे त्याच्याच केबलमध्ये किंवा जॉइंटमध्ये दोष आहे. मोटार वर काढण्याआधी तो तपासा.

केबलचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. तांब्याच्या एका तारेचा रोध = ०.०१७५ × लांबी मीटरमध्ये ÷ तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. पेटीपासून बोअरच्या तळापर्यंत ३०० मीटर असेल, तर २.५ च्या केबलला २.१ ओहम. ८ अँपिअरला दोन फेजमधले २९ व्होल्ट वाटेतच जातात आणि ४०० वॅट केबल तापवण्यात खर्च होतात. ६ ची केबल टाकली की १२ व्होल्ट आणि १७० वॅट. वरून डीपीच कमी दाब देत असेल, तर हे वाचलेले १७ व्होल्ट फार मोलाचे आहेत. हा रोध २० अंशांचा आहे. ४५ अंशांच्या उन्हात उघड्यावर पडलेल्या केबलचा १० टक्क्यांनी वाढतो. केबल जमिनीत गाडा.

जॉइंटचा रोध ०.२ ओहम जरी झाला, तरी ८ अँपिअरला त्या बोटभर जागेत १३ वॅटची उष्णता होते. टेप मऊ, चिकट होऊन सरकते, तांबे काळे पडते, रोध आणखी वाढतो. तासभर मोटार चालवा, मेन बंद करा, लाईट नसल्याची टेस्टरने खात्री करा आणि मग जॉइंटला उलटा हात लावून पाहा. गरम लागला तर टेपवर टेप चढवू नका. कापून तांबे खरवडा आणि स्लीव्ह (जोडनळी) दाबून नव्याने जोडा.

व्होल्ट ठीक असताना अँपिअर नेहमीपेक्षा बरेच उतरले, तर बोअरची पातळी खाली गेली आहे. मोटार लगेच बंद करा, नाहीतर कोरडी चालेल. एका फेजचे अँपिअर शून्यावर आणि उरलेल्या दोन फेजचे वाढलेले दिसले, तर फेज गेला आहे. तेव्हा मिनिटभरही न थांबता मोटार बंद करा. फ्युजमध्ये जाड तार घालून वेळ मारून नेली, तर पुढच्या वेळी तारेऐवजी वायंडिंग वितळते.