जुनं पदक सापडलं तर आधी सोनाराकडे येऊ नका

हे सोनारच सांगतोय, तेव्हा ऐका. रेवदंड्यात आमचं पिढीजात दुकान. उधाण ओसरल्यावर पुळणीत किंवा सुपारीच्या वाडीत आळी उकरताना काही चकाकलं, की लोक थेट आमच्याकडे येतात, "दादा, किती भरतं बघा." सोनार काय करणार? कसोटीवर घासणार, कस बघणार, दर पटला की वस्तू मुशीत. सोनं तेवढं उरतं. नक्षी, घडणावळ, कडीची झीज, सगळं आटून जातं.

म्हणून पहिलं काम म्हणजे हात आवरा. वस्तू आहे तिथे असतानाच मोबाइलवर फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, विहीर नाहीतर माड दिसेल असा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळतं. किती खोल होतं, सोबत खापरी, मणी, हाड काही होतं का, तेही लिहा. आणखी मिळेल म्हणून खणत सुटू नका. २०१४ साली इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या विनफार्दिंग गावी एका विद्यार्थ्याला शेतात काशाचं भांडं लागलं. तो तिथेच थांबला आणि त्याने पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. खाली एका बाईचं थडगं निघालं, त्यात सोन्यात तामडे, म्हणजे लाल खडे, जडवलेलं अप्रतिम पदक. तिच्या अंगावर युरोपातल्या फ्रँक लोकांच्या राजाच्या नाण्यांची केलेली पदकंही होती, त्यांच्यावरून थडगं ७व्या शतकातलं ठरलं. नाणी सुटी विकली गेली असती तर मोठ्या पदकाचा काळ कशावरून सांगणार होते?

आता धुण्याचं. इथे आमच्याकडची माणसं हमखास घोळ घालतात. चिंच, लिंबू-मीठ, राख, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. किनाऱ्यावरच्या तांब्या-पितळेत खार मुरलेला असतो. वर घट्ट, गडद हिरवा थर असेल तर तो राहू दे, नक्षी बहुतेक त्याच थरात असते. पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर धातू आतून कुजतोय. खार आणि दमट हवा एकत्र आली की हा रोग वाढतो, आणि आपल्या पावसाळ्यात हवा कोरडी असते कधी? तेव्हा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चांदी काळी-जांभळी दिसेल, घासू नका. सोनं पिवळंच राहतं, पण मऊ असतं, साध्या ब्रशनेही चरे पडतात. एकच अपवाद: वस्तू थेट समुद्राच्या पाण्यातून निघाली असेल तर सुकवू नका, पाण्यातच बुडवून ठेवा आणि लगेच जाणकाराला गाठा. कडीतली माती काडीने कोरू नका, तिथे दोऱ्याचा तंतू अडकलेला असू शकतो.

मग भिंगाने बघा. कडी कुठल्या बाजूला जास्त झिजली आहे? खूप झिजली असेल तर पदक बरीच वर्षं कुणाच्या तरी गळ्यात होतं. मागची बाजू पोकळ आणि पुढची नक्षी उठावाची असेल तर पत्रा ठशावर दाबून केलाय, देवघरातल्या टाकासारखा. उत्तर युरोपात ५व्या-६व्या शतकात सोन्याच्या पातळ पत्र्याची अशीच एकतर्फी पदकं घालत, मूळ नक्कल रोमन बादशहांच्या पदकांची. डेन्मार्कात विंदेलेव्हला २०२० मध्ये जवळपास एक किलो सोनं निघालं, त्यातल्या एका पदकावर ओडिन देवाचं आजवरचं सर्वांत जुनं नाव वाचलं गेलं. तेही मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या साध्या माणसालाच सापडलेलं. आपल्याकडे मात्र यंत्र घेऊन संरक्षित किल्ल्यात खणायला गेलात तर गुन्हा आहे.

लगेच "शिलाहारांचं!", म्हणजे कोकणच्या जुन्या राजघराण्याचं, म्हणून ओरडू नका. १०व्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी आला तेव्हा आपलं चौल 'सैमूर' म्हणून गाजत होतं आणि झंझ शिलाहाराचा अंमल होता, हे खरं. पण सापडतं त्यातलं पुष्कळसं आजीच्या काळातलं असतं, ताईत, भोक पाडलेली शिवराई, पुतळीमाळेतली सुटी पुतळी. काळ ठरवणं ना तुमचं काम, ना माझं.

आणि कायदा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! हल्ली त्यात कटिंगही मिळत नाही. काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी, एवढं लिहायचं. लपवलंत तर हक्क जातो, वर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलंत आणि मूळ मालक निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा, पाव जमीनमालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देतात. रायगडकरांनी अर्ज अलिबागला द्यावा, पोच घेतल्याशिवाय निघू नये.

अर्जासाठी वजन हवं असेल तर मात्र या. कसोटी न लावता, तुमच्यासमोर काट्यावर ठेवून देईन. आणि अर्जात 'सोन्याचे' लिहू नका, 'पिवळ्या धातूचे' लिहा.