सरपंचताई, डोंगल कुणाकडे आहे?

महिलांचं 50 टक्के आरक्षण, सोडत, शपथ हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. पद हाती आलं की तुमच्या नावाची डिजिटल सही, म्हणजे डीएससी काढतात. ती पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. नव्या सरपंचबाईचा घात बहुतेक वेळा तिथेच होतो.

वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा पैसा चेकवर निघत नाही. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात कोण म्हणतंय!) ऑनलाइन देयक तयार करतो, सरपंचाच्या डीएससीने त्याला मंजुरी मिळाली की रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात. आता डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन तिथल्याच वहीच्या पुठ्ठ्यावर आणि नोंदवलेला मोबाइल नंबर मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, असं असेल तर गटार न खोदताही बिल निघतं. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला की "मला माहीतच नव्हतं" कुणी ऐकून घेत नाही. सही तुमची, वसुलीची नोटीसही तुम्हालाच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली चौकशी लागून पदही जाऊ शकतं.

म्हणून डीएससीच्या अर्जातच स्वतःचा नंबर द्या. पिन लगेच बदला. डोंगल तुमच्या कपाटात, कुलपात. ऑपरेटर कुरकुरेल, "ताई, दरवेळी कशाला हेलपाटा?" कुरकुरू दे. मंजुरीआधी ठराव क्रमांक, मोजमाप पुस्तिकेतली (काम किती झालं त्याची) नोंद आणि खातेदाराचं नाव जुळवा. निधीही बघा: 15व्या वित्त आयोगात (2021-22 ते 2025-26) 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नव्हती. अशी बंधित रक्कम रस्त्याला लावली की आक्षेप ठरलेलाच.

घाबरू नका. चार-पाच देयकं स्वतः तपासली की नजर बसते, यात दहावी-बारावीचा प्रश्न नाही. अडलं तर शेजारच्या गावच्या माजी सरपंचबाईंना विचारा. तालुक्याच्या पुढाऱ्याला गुरू करू नका, तो शिकवत नाही, उपकार करून ठेवतो. आणि "आमचे हे बघतात सगळं" हा तर शुद्ध आत्मघात.

मासिक सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी निघायला हवी. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच, कागदावर नव्हे, खरी. पाण्याच्या पाळीपासून दारूच्या गुत्त्यापर्यंतचे विषय तिथेच निघतात, भर ग्रामसभेत बायका तोंड उघडत नाहीत.

प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिल्याशिवाय सही नाही. शेवटच्या ओळीला लागूनच सही करा. मध्ये चार ओळी मोकळ्या सोडल्या असतील तर त्यावर आधी तिरकी रेघ मारायला लावा, त्या जागेत नंतर ठराव उगवतात.