फोनची बॅटरी खातंय कोण? ब्लूटूथला शिव्या देण्याआधी हे करून बघा

बॅटरी लवकर उतरते म्हटलं की घरातलं कोणीतरी सांगतंच, अरे ते ब्लूटूथ बंद कर, वायफाय बंद कर, लोकेशन बंद कर. आपण करतो पण. मग इअरफोन जोडले जात नाहीत, बोलावलेली रिक्षा मागच्या गल्लीत जाऊन उभी राहते आणि संध्याकाळी बॅटरी आहे तिथेच, १५ टक्क्यांवर. कारण या सगळ्यात जास्त खादाड असतं ते मोबाईल नेटवर्क, त्यातही रेंज कमी असलेलं, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय, वरून सुरू करा.

पायरी १: रेंज नीट बघा

वरच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असं गेलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसतो, आणि तो उणे असतो. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११०च्याही खाली असेल तर फोनचे हाल चाललेत. आता हे उणे ९० आणि उणे ११० ऐकायला जवळजवळ वाटतं, पण दर १० डीबीला ताकद दहा पटीने बदलते, म्हणजे हा फरक शंभर पटीचा झाला. टॉवर लांब असला किंवा मध्ये जाड भिंती असल्या की फोनला जोर लावून बोलावं लागतं. ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलीवॅट ताकदीने सिग्नल सोडतो, जवळच्या टॉवरला त्यातला अगदी किरकोळ भाग पुरतो. म्हणून तोच फोन, तेच ॲप, तरी तळमजल्यावरच्या ऑफिसात बॅटरी दुपारीच बसते.

पायरी २: रेंज कमी असेल तिथे काय करायचं

घरात किंवा ऑफिसात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, चालू करा, सिम सेटिंग्जमध्ये असतं. बऱ्याच फोनवर एअरप्लेन मोड लावून वरून फक्त वायफाय चालू केलं तरी कॉल येतात जातात, म्हणजे टॉवर शोधायची भानगडच संपली, पण आधी एकदा कोणाकडून तरी फोन करून घेऊन खात्री करा.

दुसरं सिम नुसतं पडून असेल तर ते सेटिंगमधून बंद करा, कारण त्याला रेंज नसली तर तेही आपलं शोधतच बसतं. ५जीचंही तसंच. आपल्याकडे ते ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण सगळीकडे सारखं मिळत नाही, आणि काठावरच्या भागात फोन सारखा ५जीवरून ४जीवर, परत ५जीवर उड्या मारतो. शिवाय काही ठिकाणी ५जी हे ४जीच्या आधारावर चालतं, म्हणजे फोनला दोन्ही सांभाळावं लागतं. अशा ठिकाणी नेटवर्क टाइपमध्ये ४जी निवडून दोन दिवस बघा.

आणि प्रवास! कोकण रेल्वेने जाताना बोगद्यामागून बोगदे, एकटा करबुडेचाच साडेसहा किलोमीटरच्या आसपास, रेंज येते जाते येते जाते. गाणी आधीच डाउनलोड करा, एअरप्लेन मोड लावा आणि खिडकीतून बघा.

पायरी ३: वायफाय चालूच ठेवा

राउटर जवळ असेल तर वायफाय सहसा मोबाईल डेटापेक्षा कमी बॅटरी खातं. मोबाईल डेटावर एखादा छोटा मेसेज आला तरी फोनमधला रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही, बरेचदा दहाएक सेकंद जागाच राहतो, म्हणून दर मिनिटाला टुणटुण करणारे ग्रुप म्यूट करून फायदा नाही, ज्या ॲप्सची गरज नाही त्यांचा बॅकग्राउंड डेटाच बंद करा.

एक लपलेलं सेटिंग आहे. अँड्रॉइडमध्ये लोकेशन सर्व्हिसेसच्या आत वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असतं, वायफाय बंद केलं तरी हे चालूच राहू शकतं. आयफोनवाल्यांनो, कंट्रोल सेंटरमधून वायफायवर टॅप केलं तर ते फक्त डिस्कनेक्ट होतं, खरं बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

हॉटस्पॉट मात्र खरंच बॅटरी पितो, मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही एकदम राबतात, फोन तापतो. लॅपटॉपला नेट द्यायचं तर सरळ केबल लावून यूएसबी टेदरिंग करा, चार्जिंगही होतं.

पायरी ४: लोकेशन

जीपीएस फक्त उपग्रहांचा सिग्नल ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. पण तो चालू असताना प्रोसेसर जागा राहतो आणि नकाशामुळे स्क्रीनही, खर्च तिथे होतो. अख्खं लोकेशन बंद करू नका, ॲप परमिशनमध्ये जाऊन 'नेहमी' असेल तिथे 'फक्त ॲप वापरताना' करा. शॉपिंगच्या ॲपला रात्री दोन वाजता तुम्ही कुठे आहात ते कशाला कळायला हवं?

पायरी ५: ब्लूटूथ आणि एनएफसी

सोडून द्या. लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ २०१० पासून आहे, स्मार्ट घड्याळासाठी ते इतकं कमी खातं की बंद करून हाती काही लागत नाही. एनएफसी, म्हणजे फोन मशीनला टेकवून पैसे देतात ते, तर चार सेंटीमीटरवर चालतं आणि स्क्रीन बंद असली की सहसा झोपलेलंच असतं.

हे सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एकच, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि तरीही शंका असेल तर रात्री झोपताना एअरप्लेन मोड लावा, वायफाय ब्लूटूथ दोन्ही बंद आहेत ना ते बघा आणि टक्के लिहून ठेवा. सकाळी एकदोन टक्केच उतरले असतील तर चोर नेटवर्कमध्येच आहे, दहा-पंधरा उतरले असतील तर एखादं ॲप फोनला झोपू देत नाहीये, नाहीतर बॅटरीच म्हातारी झालीये.